खिशातला टॅरो संच: दहावं पान भिंगाखाली

टॅरोतलं, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रांच्या पत्त्यांतलं, मला ओ की ठो कळत नव्हतं. माझं आयुष्य तुर्भ्याच्या एमआयडीसीत ऑफसेट मशीनवर गेलं. घणसोलीची भाची नौपाड्यातल्या एका दुकानातून साडेतीनशेला हा छोटा संच घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, छपाई बघून सांग, ठेवू की परत करू?" तेव्हा हा अभिप्राय छापणाऱ्याचा आहे.

कागद जाड, मॅट लॅमिनेशन, पिसताना पानं चिकटत नाहीत. ७८ पानं पुरी भरली. इथवर ठीक.

मग भिंग लावलं दहाव्या पानावर, भाग्यचक्रावर. चित्रं १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या रायडर संचातली आहेत, पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेली. हे पान फार गच्च आहे. चाकाच्या कडेवर टी, ए, आर, ओ आणि त्यांच्या मधे चार हिब्रू अक्षरं; आत पारा, गंधक, मीठ आणि पाणी यांच्या किमयागारी खुणा. एवढं बारीक काम निम्म्या आकारात उतरवायचं तर रजिस्ट्रेशन, म्हणजे एका रंगावर दुसरा रंग नेमका बसणं, केसभरही हलता कामा नये. इथे काळी प्लेट सरकलीय. गंधक आणि मीठ म्हणजे नुसते शाईचे डाग.

चारी कोपऱ्यांत पंखवाले माणूस, गरुड, सिंह आणि बैल उघडी पुस्तकं घेऊन बसलेत. भाचीच्या सांगण्याप्रमाणे या कुंभ, वृश्चिक, सिंह, वृषभ अशा स्थिर राशी: चाक फिरतं, हे चौघं जागचे हलत नाहीत. आमच्या पानावर पुस्तकांच्या रेघा उडाल्यात, त्यामुळे चौघं पोळपाट घेऊन बसल्यासारखे दिसतात.

सोबतची मराठी पुस्तिका तर अजून वाईट. या पानाचा अर्थ काय, तर "भाग्योदय, धनलाभ". अहो, चित्र बघा तरी! उजवीकडून कोल्हतोंड्या इजिप्शियन देव अनुबिस वर चढतोय, डावीकडून साप खाली घसरतोय, माथ्यावर तलवार घेतलेला स्फिंक्स, माणसाच्या तोंडाचा सिंह. सापाच्या बाजूला कसला धनलाभ? भाचीने मोबाइलवर पंधराव्या शतकातलं मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा संचातलं पान दाखवलं. तिथे चाकाभोवती चार माणसं: चढणारा म्हणतो राज्य करीन, वरचा करतो, उतरणारा केलं, तळाचा राज्य नाही. रावाचा रंक सरळ रंगवून ठेवलाय, आणि पुस्तिकेने नेमका तोच गाळला.

शेवटची खोट पाठीची. पाठीवर एकच चंद्रकोर, एका दिशेला तोंड केलेली. टॅरोत उलट्या, म्हणजे डोकं खाली आलेल्या, पानाचा अर्थ वेगळा लावतात, आणि इथे पान उघडण्याआधीच पाठ बघून कळतं की आत चक्र सुलटं नाही. पाठीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसायला हवी, हे संच काढणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.

पाचात दोन तारे, तेही कागदाला. भाचीला परत करायला सांगितलंय. तुम्ही घेणार असाल तर दुकानातच डबा उघडायला लावा, दहावं पान काढा आणि मोबाइलच्या टॉर्चखाली चाकावरची अक्षरं वाचता येतात का बघा. ती आली तर बाकीची ७७ तपासायची गरज नाही.