मोठा टायर जास्त माल उचलतो, असं सांगून मला फसवलं

माझी पिकअप आहे, मी स्वतःच चालवतो. रबाळे एमआयडीसीतल्या गोदामातून लाद्या उचलायच्या आणि ठाणे, घोडबंदर, मीरा रोडकडच्या साइटवर पोचवायच्या, हा माझा सात वर्षांचा धंदा. खोकी दिसायला लहान असतात, पण दोन बाय दोनच्या चार लाद्यांचं एक खोकं पंचवीस-तीस किलो भरतं. म्हणजे माझं घर टायरवर चालतं. तरीही मी फसलो. पिकअप, टेम्पो चालवणाऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

नवीन इमारतींच्या साइटवर धड रस्ता नसतो, गाडीचा मागचा भाग घासायचा. म्हणून मे २०२४ मध्ये कळंबोलीत मागे दोन्ही बाजूंना स्प्रिंगचा एकेक पाटा वाढवून घेतला. गाडी उचलली गेली. टायर झिजलेलेच होते, म्हणून त्याच आठवड्यात ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका दुकानात गेलो. माझ्या गाडीला कंपनीचं माप २१५/७५ आर १५, म्हणजे २१५ मिलिमीटर रुंद टायर. तेच मागितलं. दुकानदार गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "भाऊ, गाडी एवढी उचललीत आणि टायर छोटेच टाकणार? मग पाट्याला पैसे कशाला घातलेत? २३५ टाका. मोठा टायर, जास्त माल. पाटा आहेच, बिनधास्त भरा."

मला ते पटलं. रुंद टायर, उंच टायर, मग जास्त वजन घेणारच, असं कुणालाही वाटेल. चार टायरचे फिटिंगसह २९,६०० सांगितले. पक्कं बिल मागितल्यावर म्हणाला, २८ टक्के जीएसटी वर लागेल. म्हणजे आणखी आठ हजारांवर. मी चिठ्ठीवर भागवलं. चिठ्ठीवर एवढंच: टायर ४ नग. माप नाही, कंपनी नाही, नंबर नाही. जुन्यातले दोन टायर अजून वर्षभर चालले असते, तेही त्याने चारशे रुपये नगाने ठेवून घेतले.

जुलैत गायमुखच्या घाटात मागचा डावा टायर फुटला. पाऊस, खड्डे, गाड्यांची रांग, त्यामुळे वेग जेमतेम वीसचा होता. आधी मागून काहीतरी आपटल्यासारखा आवाज येत होता, मला वाटलं खोकी हलली. तो टायरवरचा पट्टा सुटून चाकाच्या कमानीला आपटत होता. मग धाडकन आवाज झाला आणि गाडी डावीकडे बसली. माझ्यासोबतचा मुलगा हादरून गेला होता. डाव्या बाजूने दुचाकी चालल्या होत्या. कुणाला काही झालं नाही, पण त्या क्षणी माझ्या बाजूला कोण होतं हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

स्टेपनी जुन्या मापाची होती. ती लावल्यावर गाडी एका बाजूने कलली. २१५ च्या टायरची उंची साधारण ७०३ मिलिमीटर, २३५ ची ७३३. एकाच धुऱ्यावर तीन सेंटिमीटर लहान-मोठी चाकं घेऊन गेलो असतो तर डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे धुऱ्यातले गिअर, सतत फिरत राहून तापलं असतं. दुसरी पिकअप बोलावून माल त्यात चढवला. अकरा खोकी फुटली, ती माझ्या भाड्यातून गेली.

दुकानदाराकडे फुटका टायर घेऊन गेलो तर पहिलं वाक्य, "ओव्हरलोड केलंत, त्याला मी काय करणार?" बिनधास्त भरा म्हणणारा हाच माणूस. माझ्याकडे त्या दिवशीची वजनकाट्याची पावती होती: गाडी मालासकट २,९०० किलो, आरसीतल्या मर्यादेच्या आत. ती त्याने हातातसुद्धा घेतली नाही.

खरा प्रकार मला आमच्या इमारतीतल्या काकांनी समजावला. ते टायरच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. खाली येऊन गाडीजवळ उकिडवे बसले, टायरच्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अरे, हे मोटारीचे टायर आहेत. मालवाहू गाडीचे नाहीतच."

मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं. माझ्या नव्या टायरवर होतं १०५ एस. एस हा वेगाचा, ताशी १८० किलोमीटर, तो आपल्या कामाचा नाही. कामाचा आहे १०५. ते किलो नव्हेत, तो तक्त्यातला क्रमांक आहे. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५, १०६ म्हणजे ९५०. माझ्या जुन्या, छोट्या टायरवर १०६/१०४ होतं. असे दोन आकडे असतील तर पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकांसाठी. म्हणजे मी पैसे मोजून मोठा पण कमी ताकदीचा टायर घेतला होता.

मी म्हटलं, "काका, ९२५ आणि ९५० मध्ये फरक तो किती?" त्यांनी मला तेवढाच माल भरून फक्त मागची चाकं काट्यावर घ्यायला लावली. १,७८० किलो भरलं. दर टायरला ८९०. काका म्हणाले, अमेरिकेत मोटारीचे टायर पिकअपला लावायचे तर त्यांची क्षमता १.१ ने भागून धरतात, कारण पिकअपवर माल डोलतो, खड्ड्यात आदळतो. ९२५ भागिले १.१ केलं तर ८४१ सुद्धा होत नाहीत. मी रोज त्याच्या वर चालत होतो.

हवेचंही तसंच. जुन्या टायरवर कमाल हवा ६५ पीएसआय लिहिलेली होती, नव्यावर ४४. फिटिंग करताना पोराने जुन्या सवयीने मागे ५५ भरली होती आणि दुकानदार शेजारी उभा होता.

आणि वय. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर बाहेरून ते दिसतच नव्हते. बऱ्याच टायरवर ते एकाच बाजूला असतात, आणि चारही टायरची ती बाजू आत घालून बसवली होती. चाकं काढल्यावर दिसलं: १४१९. २०१९ चा चौदावा आठवडा. पाच वर्षं कुठेतरी पडून राहिलेला माल मला नवा म्हणून दिला. एखादा टायर उलटा बसला असता तर चूक म्हटलं असतं, चारही तसे बसत नाहीत.

पाट्याबद्दल काका जे बोलले ते मला सगळ्यांना सांगायचंय. पाटा वाढवला की गाडी बसत नाही, एवढंच होतं. धुरा तोच, रिम तीच, ब्रेक तेच, टायर तेच. गाडीची वजन घ्यायची ताकद त्यातल्या सगळ्यात कमजोर भागाइतकीच राहते. उलट गाडी न बसल्यामुळे किती भरलंय ते डोळ्यांना कळत नाही, आणि उंचीमुळे वळणावर जास्त झुकते. मोठ्या टायरने चढावर इंजिन ओढत नव्हतं, ते मी पावसावर ढकलत होतो. वेगाचा काटा ६० दाखवायचा तेव्हा गाडी साडेबासष्टच्या वर असायची. मी वाढवलेले पाटे काढून टाकले.

टायर घ्यायला जाल तर आधी गाडीच्या दारावरच्या पाटीचा किंवा पुस्तिकेतल्या पानाचा फोटो घेऊन जा. आयएसआय शिक्क्यावर मानकाचा क्रमांक असतो: १५६३३ मोटारीच्या टायरचा, १५६३६ व्यापारी वाहनांच्या टायरचा. हा एक आकडा मी वाचला असता तर तिथेच थांबलो असतो. तारीख टायर रिमवर चढायच्या आधी बघा. आणि बिलावर माप, भाराचा आकडा, तारखेचे चार आकडे लिहून मागा. मागितल्यावर दुकानदार कुरकुरला तर उठून या.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तिथे काही निघालं नाही, म्हणून आता ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. धंद्याच्या गाडीची तक्रार चालत नाही असं मला दोघांनी सांगितलं होतं. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर ग्राहक म्हणून दाद मागता येते, दोन वर्षांच्या आत. पक्कं बिल नाही, ही माझी बाजू लंगडी आहे. यूपीआयची नोंद, चिठ्ठी, काट्याच्या दोन पावत्या आणि टायरचे फोटो एवढं जोडलंय.

उरलेले तीन टायर घराच्या मागे ताडपत्रीखाली आहेत. दोन पंक्चरवाले विकत मागून गेले. दिले नाहीत. निकाल लागेपर्यंत ते पुरावा आहेत, आणि नंतर मी ते कापूनच टाकणार आहे.