सेंट अँड्रूजचा ओल्ड कोर्स: उन्हाळा-हिवाळा खेळल्यानंतरचा अनुभव

स्कॉटलंडमधला हा गोल्फ कोर्स सुरुवातीला सपाट आणि ओसाड वाटतो. झाडं जवळपास नाहीत, फेअरवे (कापलेल्या गवताचे पट्टे) अवाढव्य रुंद. तरी स्कोअर, म्हणजे फटक्यांचा आकडा, चढत जातो, कारण बंकर (वाळूचे खड्डे) ११२ आहेत आणि आजूबाजूची जमीन त्यांच्याकडेच उतरते. बंकर दिसायला लहान, पण चेंडू घरंगळून आत जातो तो बराच लांबून. १२ व्या होलला टी-वरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) मैदान मोकळं दिसतं; बंकर ऐन मध्यात आहेत, फक्त त्यांची तोंडं पलीकडे आहेत. पूर्वी हा कोर्स उलट्या दिशेनेही खेळत, त्याची ही खूण. यार्डेज बुक (अंतरं आणि बंकर दाखवणारी वही) नाही तर कॅडी (सोबतचा वाटाड्या), दोन्हीपैकी एक हवंच.

बंकरमध्ये गेल्यावर खरा त्रास वाळूचा नाही, भिंतीचा. गवताच्या लाद्या विटांसारख्या एकावर एक रचलेल्या, जवळपास उभ्या. वाऱ्याने वरची वाळू उडते, खाली घट्ट थर राहतो. त्यावर १४ अंश बाउन्सचा (तळाच्या फुगवट्याचा कोन) वेज, म्हणजे चेंडू उंच उडवायची काठी, आपटून उसळतो आणि पातं थेट चेंडूच्या पोटात बसतं. ८-१० अंशांचा बरा. फेस (काठीची मारायची बाजू) उघडा, म्हणजे आकाशाकडे वळवून, चेंडूच्या साधारण ५ सेंमी मागे वाळूत मारा. चेंडू भिंतीला लागून असेल तर होलवरचा झेंडा विसरा, आडवा किंवा मागे काढा. तेही जमत नसेल तर २०१९ पासून दोन फटक्यांचा दंड घेऊन झेंडा-चेंडूच्या सरळ रेषेत, बंकरबाहेर मागे ड्रॉप घेता येतो, म्हणजे चेंडू हाताने खाली सोडून खेळता येतो. १४ व्या होलच्या ‘हेल’ बंकरमध्ये अडकून १९९५ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत दिग्गज गोल्फर जॅक निकलॉसने त्या होलला १० फटके घेतले होते. मग आपण कशाला हट्ट करायचा?

ग्रीनचं (होलभोवतीच्या बारीक गवताच्या जागेचं) गणित वेगळं. सात ग्रीन जोडग्रीन आहेत, म्हणजे एकाच ग्रीनवर दोन होल, आणि त्यांच्या आकड्यांची बेरीज १८: ५ आणि १३, ७ आणि ११ वगैरे. जाताना (पहिल्या नऊ होलना) पांढरा झेंडा, येताना लाल. चुकीच्या झेंड्यावर नेम धरलात तर ३० मीटरचा पट (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा फटका) समोर येतो. म्हणून सराव दीड मीटरच्या पटपेक्षा लांब पटच्या वेगाचा करा. पावसाळ्यात पुण्या-मुंबईकडे मऊ ग्रीनवर चेंडू उंच टाकून जागीच थांबवायची सवय लागते, ती इथे उन्हाळ्यात नडते. चेंडू १५-२० मीटर अलीकडे टाकून घरंगळू द्यावा. अपवाद ११ वा: पुढे ‘स्ट्रॅथ’ बंकर, डावीकडे ‘हिल’, आणि ग्रीन मागून पुढे जोरात उतरतं. लांब गेलात तर परतीचा पट थांबतच नाही.

१७ व्याला बंकर ग्रीनच्या पोटातच शिरलेला आहे आणि मागे रस्ता. हौशी खेळाडूने उजवीकडे पुढच्या टोकाशी थांबावं, पाच फटके घ्यावे आणि पुढे निघावं.

नोव्हेंबर ते मार्च फेअरवेवर चेंडू छोट्या मॅटवर ठेवून मारावं लागतं, तेव्हा लांबून पैसे खर्चून येऊ नका. रविवारी कोर्स बंद असतो.