शांघाय की ग्वांगझू : इतिहासासाठी कोणते बंदर निवडावे?

चीनमधील एकाच बंदरशहरासाठी सवड असणाऱ्या प्रवाशाला बहुधा शांघाय सुचवले जाते, आणि केवळ दोनच दिवस हाताशी असतील तर तो सल्ला रास्त आहे. ब्रिटन आणि चीन यांच्यातील १८४२ च्या नानजिंग तहाने परकीय व्यापाराला खुल्या झालेल्या या शहराचा इतिहास हुआंगपू नदीच्या काठी, ‘बंड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावर एका फेरफटक्यात पाहता येतो. १९२७ चे जकातघर आणि १९२९ चे ससून हाऊस तेथे आजही उभे आहेत, तर पलीकडच्या काठावर ६३२ मीटर उंचीचा शांघाय टॉवर दिसतो. ससून हाऊस बांधणाऱ्या व्हिक्टर ससून यांचे घराणे मुंबईतूनच चीनच्या व्यापारात उतरले होते. कुलाब्याचा ससून डॉक त्याच घराण्याचा. सोळाव्या शतकातील यू उद्यान सुंदर आहे, मात्र गर्दीची तयारी ठेवावी.

ग्वांगझू, म्हणजेच जुन्या कागदपत्रांतील कँटन, पाहणाऱ्याकडून अधिक कष्ट मागते. १७५७ पासून नानजिंग तहापर्यंत पाश्चात्त्य सागरी व्यापाराला मुभा असलेले हे चीनचे एकमेव बंदर होते. मुंबईचा कापूस उघडपणे आणि माळव्याची अफू चोरट्या मार्गाने याच बाजारपेठेकडे जात असे, आणि जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती, जिच्यातून पुढे जे. जे. रुग्णालयाला देणगी मिळाली, मुख्यतः याच व्यापारातली. परंतु ज्या तेरा वखारींत परदेशी व्यापारी राहत, त्या १८५६ मध्ये जळून गेल्या, आणि शामियान बेटावरील देखणी युरोपीय वसाहत त्यानंतरची आहे; तिला वखारी समजण्याची चूक सहज होते.

तरीही इतिहासाची खरी आवड असणाऱ्याने ग्वांगझूच निवडावे, असे माझे मत आहे. शांघायचे बंदर-वैभव जेमतेम शंभर वर्षांत उभे राहिले. ग्वांगझूमध्ये मात्र १९८३ मध्ये सापडलेली नानयूए या प्राचीन दक्षिणी राज्याच्या राजाची कबर दोन हजार वर्षांहून जुनी असून, तिच्यातील रेशमी धाग्यांनी जोडलेल्या जेडच्या तुकड्यांचा शववेश पाहण्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. अरब व्यापाऱ्यांची आठवण जपणारी ह्वायशंग मशीद आणि १८९४ चे चेन कुलगृह उरलेल्या वेळात पाहून होते.

ग्वांगझूला जायचे ठरल्यास एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील कँटन व्यापार मेळ्याच्या तारखा आधी तपासाव्यात, कारण त्या काळात हॉटेलांचे दर चढलेले असतात.