मोनोरेलचा एपिसोड: साडेचार स्टार

भाच्याने ओटीटीचं महिन्याचं पॅक मारून दिलं. म्हणाला, "मामा, 'द सिम्प्सन्स'मधला मोनोरेलवाला बघाच." म्हटलं, साठीत कार्टून? पण पावसामुळे रत्नागिरीत घरीच बसून होतो. लावला.

१९९३चा एपिसोड. स्प्रिंगफील्ड गावाला दंडाचे तीस लाख डॉलर मिळतात. मालिकेतली आई मार्ज सांगते, आधी रस्ता नीट करा. आमच्या ग्रामसभेत जशी बायामाणसं खड्ड्यांवर बोलतात, अगदी तशीच. तेवढ्यात टोपी घातलेला लाइल लॅन्ली उठतो, गाणं म्हणत मोनोरेल विकतो आणि अख्खा गाव त्याच्या मागे. रस्ता तसाच! इथे मी एकटाच खो-खो हसलो. बायको स्वयंपाकघरातून डोकावून गेली.

लेखक कोनन ओब्रायन. पाहुण्याच्या आवाजासाठी आधी 'स्टार ट्रेक' या अंतराळ मालिकेतले नट जॉर्ज टाकेई यांना विचारलं होतं. ते स्वतः वाहतूक मंडळावर, म्हणून सार्वजनिक वाहतुकीची टिंगल नको म्हणाले. मग त्याच मालिकेतले लिओनार्ड निमॉय आले, आणि स्वतःचीच थट्टा करून गेले. गंभीर चेहऱ्याने शेजाऱ्याला ग्रहणाबद्दल प्रवचन देतात, तो बिचारा जागा बदलू बघतो.

गाण्यातल्या कोट्या मात्र इंग्रजी सबटायटल लावूनही निम्म्या निसटल्या. आणि बेफाम गाडी थांबवायला तिचा चालक, म्हणजे मार्जचा नवरा होमर, डब्यावरचं 'एम' अक्षर नांगरासारखं सोडतो, नेमकं तेव्हाच आमचं वायफाय गेलं. अर्धा स्टार त्याचा कापला. नांगर डोनटमध्ये अडकलेला दुसऱ्या दिवशी पाहिला, फणसाचे गरे काढता काढता.