ताम्हिणीने उतरायचं की वरंध्याने?

पुण्याहून हर्णैला निघायचं म्हटलं की आमच्या घरी हा वाद ठरलेला. दोन्ही घाट बऱ्याच वेळा उतरून झालेत, म्हणून चार शब्द.

रस्ता म्हणाल तर ताम्हिणीचाच ऐसपैस. पौड सोडलं की मुळशीचं पाणी बराच वेळ सोबत असतं, मग विळ्याला उतरून माणगाव, पुढे आंबेतवरून मंडणगड. वरंध्याला भोरच्या पुढे नीरा-देवघरच्या कडेकडेने रस्ता आवळत जातो. समोरून एसटी आली की कुणीतरी गाडी मागे घ्यायची, आणि ते कुणीतरी म्हणजे आपणच.

तरी माझं मन ताम्हिणीवरून उडालं ते एका रविवारी. जुलै महिना, आई मागच्या सीटवर. उताराला मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सोडतो. इंजिनच तिला धरून ठेवतं, ब्रेकला फारसं काम उरत नाही. त्या दिवशी ते जमेचना. धबधबा दिसला की पुढची गाडी वळणातच उभी. दारं सताड उघडी, गाणी लावलेली, रस्त्यात नाच. दहा पावलं सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. विळ्याच्या अलीकडे आईने नाकाला पदर लावला. "कुणी टायर जाळतंय का रे?" टायर कसले, आमचेच ब्रेक! उतरून पाहिलं तर पुढच्या चाकावर पडणाऱ्या पावसाची वाफ होत होती. पाऊण तास तिथेच.

वरंध्याची वळणं जास्त अवघड, हे मान्य. पण कावळ्या किल्ल्याच्या खिंडीतून एकदा उतार लागला की गाडी एका लयीत वरंध गावापर्यंत खाली येते. ज्यांना गाडी लागते त्यांनी मात्र आवळासुपारी जवळ ठेवावी.

पावसाळ्याचं गणित वेगळं. दरडींमुळे वरंधा त्या दिवसांत बहुतेक बंदच ठेवतात, तेव्हा ताम्हिणीला पर्याय नाही. मी मग मधल्या वारी, उजाडायच्या आत निघतो. नवशिक्या हातांनाही ताम्हिणीच बरा, असं आपलं मला वाटतं.

दिवाळीनंतर मात्र मी कापूरहोळला वळतो ते विचार न करता. आईही आता वरंध्याच्याच बाजूची झालीय. तिला ब्रेकचं काही नाही, वाघजाईपाशी गरम भजी मिळतात. मागच्या खेपेला त्यातली निम्मी माकडाने नेली, तरी तिचं मत बदललेलं नाही.