‘फ्रेश एअर’ यंत्राचं कोटेशन: चार खरे आकडे आणि एक फसवणूक

दीड लाख मोजून फ्लॅटमध्ये ‘फ्रेश एअर सिस्टीम’ (पंख्यांनी बाहेरची हवा आत घेणारं, आतली बाहेर सोडणारं आणि मधल्या गाभ्यात दोन्हींतली उष्णता अदलाबदल करणारं यंत्र) बसवली आणि बेडरूम सकाळी होती तशीच कोंदट, ही तक्रार पुण्या-ठाण्याच्या नव्या सोसायट्यांत आता सवयीची झाली आहे. यंत्र बिघडलेलं नसतं. विक्रेता खोटं बोलला असं सिद्धही करता येत नाही, कारण माहितीपत्रकावरचा प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर खराच असतो.

ताशी 300 घनमीटर हवा हा सर्वांत वरच्या वेगाचा आकडा, तोही डक्ट न जोडता मोजलेला. 28 डेसिबल आवाज आणि 25 वॅट वीज हे मात्र सर्वांत खालच्या वेगाचे. ‘80 टक्के उष्णता परत’ हेही खालच्याच वेगाला. हे चारही एकदम मिळणार असं गृहीत धरून ग्राहक सही करतो. प्रत्यक्षात वरच्या वेगाच्या घरघरीने झोप लागत नाही, म्हणून घरातलं कुणीतरी वेग कमी करतं आणि हवा पाव भागावर येते. कोटेशन हातात आलं की एवढंच लिहून मागा: एका ठरावीक वेगाला, 100 पास्कल विरोध (डक्टमुळे हवेला होणारा अडथळा) असताना, हवा किती, आवाज किती, वॅट किती? इथे बरेच जण फोन उचलायचे थांबतात.

विक्रीची सुरुवात मीटरने होते. बंद बेडरूममध्ये कार्बन डायऑक्साइड 2000 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांतले भाग) वर दाखवतात. दोघं झोपलेल्या, खिडक्या लावलेल्या 10 बाय 12 च्या खोलीत तो खरोखर तेवढा चढतो, त्यामुळे भीती अगदीच पोकळ नाही. पण पुष्कळ स्वस्त मीटर हा वायू मोजतच नाहीत, बाकीच्या वासांवरून अंदाज बांधतात. जवळ डिओ फवारा. आकडा लगेच उसळला तर ते खेळणं आहे. खरा मीटर मोकळ्या बाल्कनीत साधारण 420 ते 500 वर स्थिरावतो.

आता ताजी हवा लागते किती? अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे 62.2 या घरातल्या वायुवीजनाच्या मानकाचा हिशेब सोपा आहे: दर चौरस मीटरला सेकंदाला 0.15 लिटर आणि दर माणशी 3.5 लिटर. 60 चौरस मीटरच्या टू बीएचकेत तिघं असतील तर 9 अधिक 10.5, म्हणजे सेकंदाला 19.5 लिटर. ताशी 70 घनमीटर. अशा घराला 350 चं यंत्र विकणं म्हणजे निव्वळ बिल फुगवणं.

विजेच्या बचतीचं आश्वासन तर सरळ गणितात मोडतं. पुण्यात मे महिन्याची दुपार, बाहेर 38 अंश, आत 26. ताशी 70 घनमीटर बाहेरची हवा साधारण 280 वॅट उष्णता आत आणते. यंत्राने 70 टक्के अडवली तर सुमारे 200 वॅट. पण एसी एका वॅट विजेत साडेतीन वॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे वाचली जेमतेम 57 वॅट वीज. एसी आठ तास चालला तर अर्ध्या युनिटपेक्षाही कमी. यंत्राचे दोन पंखे 50 वॅटने चोवीस तास फिरले तर 1.2 युनिट खातात. मुंबईच्या दमट हवेत बाष्प अडवल्याचा फायदा धरला तरी हिशेब फार तर तोट्याच्या काठावर येतो. हमरस्त्यालगतच्या घरात धुळीमुळे खिडकी उघडताच येत नसेल, घरात दम्याचा रुग्ण असेल, तर यंत्र जरूर घ्या. मात्र ते पैसे आरामाचे आहेत, बचतीचे नव्हेत, हे धरूनच.

माल बदलण्याचा प्रकार वेगळाच. या यंत्राचे दोन प्रकार, ईआरव्ही आणि एचआरव्ही; कोटेशनवर ईआरव्ही, डब्यात एचआरव्ही. ईआरव्हीचा गाभा कागदासारख्या पडद्यांचा असतो आणि तो बाष्पही अडवतो. अ‍ॅल्युमिनियम किंवा प्लास्टिक पत्र्यांचा एचआरव्ही फक्त उष्णता अडवतो. कोकणपट्टीत ऐन पावसाळ्यात हा फरक अंगाला कळतो. झाकण उघडून गाभा ओढून दाखवायला सांगा. काही यंत्रांना तर बाहेरून हवा घेणारा पाइपच नसतो. ते एअर प्युरिफायर आहे. धूळ गाळेल, कार्बन डायऑक्साइड तसाच ठेवेल. साधा स्प्लिट एसीही बाहेरची हवा आत आणत नाही.

उरलेली वाट डक्टिंग लावतं. 4 इंची फ्लेक्सिबल पाइप पूर्ण न ताणता फॉल्स सीलिंगमध्ये गुंडाळून टाकला, चार वळणं दिली, की हवा निम्म्यावर येऊ शकते. छोट्या पंख्यापुढे शिवाय हेपा (अतिसूक्ष्म धूळ गाळणारा दाट) फिल्टर लावला तर आणखी गळचेपी. हवा घेण्याचं आणि सोडण्याचं तोंड निदान 3 मीटर लांब हवं. संडास-बाथरूमच्या डक्टमधून हवा घेतली तर शेजाऱ्यांचा वास विकत घेतल्यासारखं आहे. पाइपसाठी भिंतीत पाडलेल्या भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला नसेल तर जूनमध्ये भिंत ओली होते. बाहेर जाळी नसेल तर कबुतरं आहेतच. आरसीसी बीम किंवा कॉलममध्ये कोअर कटिंग (यंत्राने गोल भोक पाडणं) करू देऊ नका, आणि भिंतीतलं भोक पाडणं ‘इन्स्टॉलेशन फ्री’मध्ये येतं का हे आधी विचारा.

बहुतेक घरांना बाथरूममधला 6 इंची एक्झॉस्ट रोज काही तास आणि दाराखाली इंचभर फट एवढ्यावर भागतं. बेडरूमची खिडकी रात्री दोन बोटं उघडी ठेवा. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर मात्र तिथे एक्झॉस्टचा भरवसा धरू नका: हवा आत यायला वाट नसेल तर पंखा जळका धूरच आत ओढतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. गीझरच बाहेर ड्राय बाल्कनीत हलवा.

शेवटचे 25 टक्के पैसे मोजणीनंतरच, हे ऑर्डरवर लिहून घ्या. 100 लिटरची कचऱ्याची पिशवी चपटी करून ग्रिलवर धरा. ताशी 70 घनमीटर असेल तर ती पाच सेकंदांत फुगते. अ‍ॅनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारं साधन) असेल तर एकाच 4 इंची तोंडातून तेवढी हवा येताना सेकंदाला 2.5 मीटर दिसायला हवेत. हवा दोन-तीन ग्रिलमध्ये वाटली असेल तर सगळ्यांची बेरीज करा. मोजताना यंत्र रात्री चालवणार त्याच वेगावर ठेवा.

रोखीत, जीएसटी बिलाशिवाय व्यवहार केला तर पुढे हातात काही राहत नाही. बिल असेल तर आधी लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही. सोबत कोटेशन, माहितीपत्रक आणि पिशवीच्या मोजणीचा व्हिडिओ जोडा. व्हिडिओत रिमोटवरचा वेग स्पष्ट दिसला पाहिजे.