डिस्क पुसणाऱ्या कमांड सिस्टीमने अडवाव्यात का? खुल्या, अर्ध्या बंद आणि पूर्ण बंद रीतींची तुलना

रूट किंवा ॲडमिनचे, म्हणजे मशीनवरचे सर्वोच्च, अधिकार हाती असलेला माणूस स्वतःचीच डिस्क पुसायला निघाला, तर ऑपरेटिंग सिस्टीमने त्याचा हात धरावा का? एक बाजू म्हणते, मशीन माझं, डिस्क माझी, कर्नलने, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याने, मध्ये पडू नये. दुसरी म्हणते, एका अक्षराच्या चुकीने वर्षांचा डेटा उडत असेल तर ती सिस्टीमच अर्धवट आहे. वाद रंगतो खरा, पण आज वापरात असलेली एकही मोठी सिस्टीम या दोन्ही टोकांवर उभी नाही. फरक असतो तो कुठे अडवतात आणि अडवलेलं सोडवायला काय करावं लागतं, एवढ्यात. निवड करायची असेल तर हेच दोन प्रश्न विचारा.

आधी नुकसान कसं होतं ते

लिनक्सवर पेनड्राइव्हवर इमेज लिहायला बहुतेक जण डीडी ही कमांड वापरतात. कुठून वाचायचं ते सांगायचं, कुठे लिहायचं ते सांगायचं, एंटर. डिस्कना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावं सापडतील त्या क्रमाने मिळतात, त्यामुळे काल एसडीसी असलेला पेनड्राइव्ह आज एसडीबी होऊ शकतो आणि डेटाची डिस्क एसडीसी. बोटांना मात्र कालचंच नाव आठवतं. डीडी काही विचारत नाही, आणि प्रगती दाखव असं वेगळं सांगितलं नसेल तर चालू असताना काही बोलतही नाही. चूक उमगून कंट्रोल-सी दाबेपर्यंत पार्टिशन टेबल (डिस्कचे कोणते भाग कुठे आहेत याची नोंद) आणि त्यामागचा बराच भाग गेलेला असतो. जीपीटी या आजच्या प्रकारच्या टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, म्हणून टेबल पुन्हा उभं करता येतं. ज्या जागेवर नवं लिहिलं गेलं तिथल्या फाइली मात्र गेल्या त्या गेल्या.

ती डिस्क त्या वेळी माउंट, म्हणजे सिस्टीमला जोडून वापरात, असेल तर प्रकार आणखी विचित्र. मशीन चालूच राहतं, कारण लागणारं बरंचसं मेमरीत आलेलं असतं. खालची जमीन सरकली आहे हे फाइलसिस्टीमला, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींचा हिशोब ठेवणाऱ्या व्यवस्थेला, कळत नाही. ती आपल्या जुन्या हिशोबाने लिहीत राहते आणि वाचलेला भागही स्वतःच्या हाताने बिघडवते.

तिसरा प्रकार दुर्मीळ, पण सगळ्यात महागडा: डेटा नव्हे, खुद्द ड्राइव्ह किंवा मदरबोर्डच कायमचा जाणं. त्याकडे पुढे येऊच.

खुली रीत: कर्नल गप्प, अटकाव साधनांत

पारंपरिक लिनक्समध्ये रूटला कर्नल फारसा अडवत नाही. जो काही अडथळा आहे तो एकेका प्रोग्रामने आपापल्या बुद्धीने घातलेला. आरएम ही फाइली पुसणारी कमांड. ती मुळापासून, म्हणजे ‘/’ या सगळ्यात वरच्या फोल्डरपासून, सगळं पुसू लागली तर तिला सोलारिस १० या युनिक्स सिस्टीमने नकार द्यायला सुरुवात केली. २००६ मध्ये जीएनयूच्या आरएमनेही तेच केलं. पण मुळाच्या स्लॅशपुढे एक तारा (*) पडला की शेल, म्हणजे कमांड वाचणारा प्रोग्राम, त्याची फोड करून वेगवेगळे फोल्डर आरएमच्या हाती देतं, आणि नकार द्यायला मूळ उरतच नाही. एक्सएफएस ही फाइलसिस्टीम बनवणारं साधन डिस्कवर आधीची फाइलसिस्टीम दिसली तर थांबतं. ब्लॉकडिस्कार्ड हे डिस्कवरचा डेटा टाकून देणारं साधन २०२० च्या आवृत्तीपासून वापरात असलेल्या डिस्कला सहसा हात लावत नाही. डीडीचा मात्र या कशाशी संबंध नाही.

एचडीपार्म या ड्राइव्हशी थेट बोलणाऱ्या साधनाची तऱ्हा मला फार आवडते. त्यातल्या काही घातक कामांसाठी ‘प्लीज-डिस्ट्रॉय-माय-ड्राइव्ह’ हा पर्याय अक्षरन् अक्षर टाइप करावा लागतो. विनोद म्हणून झकास. अडथळा म्हणून बेताचा, कारण कुठूनतरी चिकटवलेल्या ओळीत ते शब्द आधीच लिहिलेले असतात. ‘नक्की ना?’ या प्रश्नाचीही हीच गत: चार दिवसांत बोट वाचायच्या आधी ‘वाय’ दाबायला शिकतं.

या मोकळेपणाची किंमत २०१६ च्या जानेवारीत दिसली. काही लॅपटॉपवर तो नकार डावलून मुळापासून पुसणारी आरएम चालवली आणि मशीन पुन्हा चालूच होईना. मदरबोर्डच्या यूईएफआयची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरची, चलं (साठवलेल्या सेटिंग) लिनक्समध्ये फाइलींसारखी दिसतात. आरएमने डिस्कसोबत तीही पुसली, आणि सदोष फर्मवेअरला त्यांच्याशिवाय उभंच राहता येईना. त्यावर कर्नलमध्ये जो उपाय आला तो शहाणपणाचा होता. अनोळखी चलं न बदलणारी अशी खूण लावून ठेवायची. ज्याला खरंच पुसायची आहेत त्याने आधी ती खूण काढायची. मुद्दाम करणाऱ्याला वाट मोकळी राहिली, आणि घाऊक पुसताना चुकून लागणारा हात थांबला.

अर्धी बंद रीत: वापरात असलेल्या डिस्कला हात नाही

इथे नियम कमांडच्या नावावर बेतलेला नसतो. डिस्क आत्ता कुणी वापरतंय का, एवढंच पाहिलं जातं. कल्पना जुनी आहे. बीएसडी या युनिक्स सिस्टीमच्या घराण्यात सिक्युअरलेव्हल नावाची पातळी असते. ती १ असली की माउंट केलेल्या डिस्कवर रूटलाही थेट लिहिता येत नाही, २ असली तर कोणत्याच डिस्कवर नाही. चालू मशीनमध्ये ही पातळी वाढवता येते, उतरवता येत नाही. उतरवायची तर रीबूट. त्यातल्या फ्रीबीएसडीत याशिवाय जिओम हा डिस्क सांभाळणारा थर वापरात असलेल्या डिस्कवरचं थेट लेखन रोखतो. ते उघडणाऱ्या खुणेचं वर्णन त्यांच्या मॅन्युअलमध्ये ‘अलाऊ फूट शूटिंग’ असं आहे. पायावर गोळी झाडायची तर झाडा, पण परवाना काढून.

विंडोजमध्ये व्हिस्टापासून माउंट असलेल्या व्हॉल्यूमच्या (सी:, डी: सारख्या विभागाच्या) सेक्टरांवर बाहेरून थेट लिहिता येत नाही. आधी व्हॉल्यूम लॉक तरी करावा लागतो किंवा डिसमाउंट तरी. यात एक फट आहे आणि ती जाणूनबुजून ठेवलेली आहे: व्हॉल्यूमच्या हद्दीबाहेरचे सेक्टर, म्हणजे मशीन ज्यावरून सुरू होतं तो डिस्कच्या सुरुवातीचा बूट रेकॉर्डसुद्धा, ॲडमिनला खुले असतात. पार्टिशन बनवणाऱ्या साधनांना ते लागतातच. २०१७ च्या नॉटपेट्या या व्हायरसने नेमका तोच बूट रेकॉर्ड बदलला. डिस्कपार्ट या विंडोजच्या डिस्क साधनाची ‘क्लीन’ कमांडही बघा. ज्या डिस्कवरून सिस्टीम चालू आहे तिथे ती साफ नकार देते. शेजारच्या डिस्कवर मात्र एक शब्द न विचारता पार्टिशनं उडवते आणि काम फत्ते झाल्याचं सांगते.

मॅकवर माउंट असलेल्या पेनड्राइव्हवर डीडी चालवलं की ‘रिसोर्स बिझी’ येतं आणि आधी अनमाउंट करावं लागतं. २०१५ च्या एल कॅपिटनपासून सिस्टीम इंटेग्रिटी प्रोटेक्शन हे संरक्षण आलं, आणि चालू सिस्टीमच्या डिस्कवर रूटचाही हात चालेनासा झाला. ते बंद करायचं तर रिकव्हरीत, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या मोडमध्ये, बूट करावं लागतं. २०२० च्या बिग सरने सिस्टीमच्या व्हॉल्यूमवर बदल पकडणारी डिजिटल सहीच ठोकली.

लिनक्सही आता इकडे सरकलं आहे. मार्च २०२४ मधल्या ६.८ कर्नलपासून माउंट केलेल्या डिस्कवरचं थेट लेखन बंद करायची सोय आहे, बूटच्या वेळी एक पर्याय देऊन ती चालू-बंद करता येते. कर्नलची शिफारस मात्र अजून उघडं ठेवण्याचीच आहे, आणि कारण रास्त आहे: बूट होताना रूट फाइलसिस्टीम फक्त वाचण्यापुरती माउंट करून ती तपासायची, चालू ईएक्सटी४ फाइलसिस्टीमचे काही गुणधर्म बदलायचे, ही नेहमीची कामं त्याच वाटेने होतात. शिवाय ड्राइव्हला सरळ स्कझी कमांड (ड्राइव्हच्या स्वतःच्या भाषेतली) पाठवली किंवा साठवणीच्या खालच्या थरातून लिहिलं, तर हे कुलूप आड येत नाही. म्हणून सर्व्हरवर ते लावण्याआधी एखाद्या रिकाम्या डिस्कवर पार्टिशनच्या नावाने आणि अख्ख्या डिस्कच्या नावाने, दोन्ही प्रकारे लिहून बघा.

नावावरून अडवणं का फसतं

‘घातक कमांडची यादी करा आणि त्या बंद करा’ ही सूचना ऐकायला सोपी आहे. ऑक्टोबर २००३ मधला किस्सा तिला पुरेसं उत्तर आहे. मँड्रेक ९.२ ही लिनक्सची आवृत्ती बसवताना एलजीचे काही सीडी-रॉम ड्राइव्ह कायमचे मेले. कर्नलने पाठवली होती ती ‘कॅशे रिकामी कर’ ही निरुपद्रवी कमांड. त्या ड्राइव्हांनी त्या कमांडचाच क्रमांक फर्मवेअर बदलण्यासाठी वापरला होता. कुठल्याही घातक यादीत ही कमांड बसली नसती.

उलट बाजूचा अनुभव पुढच्याच वर्षीचा. लिनक्स २.६.८ मध्ये ड्राइव्हकडे सरळ जाणाऱ्या कमांडना चाळणी लावली गेली, साध्या युजरने फर्मवेअरला हात लावू नये म्हणून. झालं असं की सीडी लिहिणारे प्रोग्रामच साध्या युजरच्या हातून चालेनात. चोर सोडून संन्याशाला फाशी. वर लोक ते प्रोग्राम रूट म्हणून चालवू लागले, म्हणजे जो धोका टाळायचा होता त्याहून मोठा पदरात पडला.

पूर्ण बंद रीत

क्रोमओएस आणि फोन. सिस्टीमचा भाग फक्त वाचता येतो, बूट होताना त्याची पडताळणी होते, रूट मिळतच नाही. किल्ली आहे, पण महाग: क्रोमबुक डेव्हलपर मोडमध्ये नेलं किंवा अँड्रॉइडचा बूटलोडर उघडला की तुमचा डेटा पुसला जातो. ज्याला कधीच खाली उतरायचं नाही त्याच्यासाठी उत्तम. बाकीच्यांनी ही किंमत मशीन घेण्याआधी मोजावी.

व्हायरसच्या विरोधात किती उपयोग?

थोडा आहे, जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरसने विंडोज ९५ आणि ९८ च्या मशीनवर डिस्कचा सुरुवातीचा भाग आणि बायोस दोन्ही खरडले. विंडोज एनटीवर त्याची डाळ शिजली नाही, कारण तिथे साध्या प्रोग्रामला हार्डवेअरपर्यंत पोचताच येत नव्हतं. ही अडवणुकीची खरी जीत.

२०१२ मध्ये शमून या व्हायरसने सौदी अराम्को या तेल कंपनीची सुमारे ३०,००० मशीन पुसली, तेव्हा विंडोजचा व्हिस्टापासूनचा नियम जागेवर होता. शमूनने नियम मोडलाच नाही. डिस्कवर थेट लिहू देणारा, रीतसर सही असलेला एक व्यावसायिक ड्रायव्हर सोबत आणला. २०१६ ला तो परतला तेव्हा त्या ड्रायव्हरचा चाचणी परवाना चालावा म्हणून मशीनची तारीखच ऑगस्ट २०१२ मध्ये नेत होता. आणि फाइली कूटबद्ध करून खंडणी मागणाऱ्यांना डिस्कच्या सेक्टरांशी कर्तव्यच नसतं. तुमच्याच अधिकाराने फाइल उघडायची आणि लिहायची, एवढं त्यांना पुरतं. चुकणारा हात थांबवायला अडवणूक बरी. ॲडमिन झालेल्या शत्रूला ती थोडा उशीर करते.

मग कुणी काय घ्यावं

मशीन अनेकांच्या हाताखालून जाणार असेल, प्रयोगशाळेतलं असो वा कार्यालयातलं, तर पूर्ण बंद किंवा मॅकसारखं रिकव्हरीशिवाय न उघडणारं. इथे मोकळेपणाचं कौतुक नको.

स्वतःच्या रोजच्या मशीनसाठी अर्धी बंद रीत, आणि किल्ली रीबूटमागे असलेली. माझं मत इथे पक्कं आहे. रीबूटला लागणारी दोन मिनिटं हाच खरा प्रश्न असतो, ‘नक्की ना?’ हा नव्हे. घाईत माणूस पर्याय जोडतो, पण मशीन बंद करून पुन्हा चालू करताना आपण काय करतोय ते त्याला निदान एकदा आठवतं. लिनक्स सोडायचं नसेल तर ६.८ च्या पुढचं कर्नल घेऊन तो बूट पर्याय करून पाहा.

डेटा परत मिळवणं, डिस्क तपासणं, जुन्या डिस्क पुसून पुढे देणं हे ज्यांचं काम आहे त्यांनी खुली सिस्टीम घ्यावी, पण वेगळ्या मशीनवर, पेनड्राइव्हवरून बूट करून, आणि ज्या डिस्कवर काम आहे तीच जोडून. त्यांना अडथळा भेटतो तो बहुतेकदा सिस्टीमच्याही खाली: अनेक बोर्डांचं फर्मवेअर बूट होतानाच ड्राइव्हची सुरक्षा गोठवतं, म्हणून सिक्युअर इरेज (ड्राइव्हने स्वतःच स्वतःला पुसणं) चालत नाही, आणि मशीन झोपवून जागं करणं हा त्यावरचा नेहमीचा तोडगा.

एक गोष्ट मात्र खुली आणि अर्धी बंद रीत सहसा सांभाळत नाही (सिक्युअरलेव्हल २ चा अपवाद): जोडलेली, पण माउंट नसलेली बॅकअपची डिस्क. सिस्टीमच्या दृष्टीने ती रिकामीच, तिच्यावर कुणीही लिहावं. लिनक्सवर एसडीबीसारख्या फिरत्या नावाऐवजी बाय-आयडी फोल्डरमधलं नाव वापरा, त्यात ड्राइव्हचं मॉडेल आणि अनुक्रमांक असतो. आणि इमेज लिहायला बसताना बॅकअपची केबल काढून ठेवा.